फुंकर नको

गुरुवार, १४ नोव्हेंबर

ती. जाऊबाईंस,

साष्टांग नमस्कार. देवाच्या कृपेने आम्ही सगळे ठीक. तुमचे गुडघे काय म्हणतात? तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. पाकीट जुनंच उलटून चिकटवलंय, हसू नका.

आधी गोड बातमी. तुमची नात, आपली ठकी, आता तोंडाने जेवते. तिच्या गळ्याखालची नळी आज सकाळी काढली. इतके दिवस अन्न-औषध त्या नळीतून थेट रक्तात जात होतं, पण एकदाही ताप नाही की पू नाही. मोठे डॉक्टर माझ्या सूनबाईला म्हणाले, "सिस्टर, ही नळी तुम्ही जपलीत." मी शेजारीच उभी होते. मान अशी ताठ झाली की अजून दुखतेय!

आता त्या दिवसाचं. टाळत होते, पण लिहितेच.

सूनबाई वॉर्डात ठकीच्या नळीवरची पट्टी बदलत होती. औषधाने कातडी पुसली, चुरचुरलं म्हणून ठकी रडली, आणि तुम्ही मायेने वाकून फुंकर घातलीत. "मोठ्या आई, फुंकर नको!" सूनबाई ओरडलीच. मग होतं ते सगळं टाकून दिलं, हात पुन्हा धुतले आणि नवं पाकीट फोडून पहिल्यापासून सुरुवात केली. तुम्ही म्हणालात, "माझ्या तोंडात काय विष आहे?" आणि चपला सरकवून निघालात, त्या निघालातच.

खरं सांगू? तेव्हा मलाही तिचा रागच आला. मी दुधाची पिशवीसुद्धा धुऊन वाळवणारी. कोरं सामान कचऱ्यात गेलेलं बघून जीव तुटला. घरी आल्यावर तिला म्हटलं, "अगं, एवढ्याशा फुंकरीने काय होतं? मोठ्यांचा मान आहे की नाही काही?"

ती भांडी घासत होती. मागे न वळता म्हणाली, "आई, विरजणाचा थेंब पडला तर पातेलंभर दूध दूध राहतं का? तोंडातले जंतू आपल्याला काही करत नाहीत. पण नळीतून तिच्या रक्तात गेले तर..."

आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं. मागच्या वर्षी त्याच वॉर्डात एक बाळ असंच, नळीतून जंतू शिरून, गेलं. त्या दिवशी ती जेवली नव्हती. मला वेडीला वाटलं, भाजीत मीठ जास्त झालं.

जाऊबाई, लग्नात तुम्हीच म्हणाला होतात ना, "सून नर्स, मग घराकडे बघणार कोण?" बघा, तिने तुमच्या घराकडे बघितलं.

ठकी हल्ली बाहुलीला पट्टी बांधते आणि दटावते, "फुंकर नको हं, आपोआप सुकू दे!" मग आम्हाला विचारते, "आजी कधी येणार?"

उद्या तिला घरी सोडताहेत. राग तिथेच ठेवा आणि या. सूनबाईनेच सांगितलंय, "मोठ्या आईंना कळवा, आता ठकी धावणार, पडणार. गुडघा खरचटला की फुंकर त्यांनीच घालायची."

देवाला रोज हात जोडते. हल्ली धुऊन धुऊन सालटं निघालेले तिचे हातही डोळ्यांपुढे येतात. देव रागावणार नाही.

तुमची धाकटी जाऊ,
आणि मान ताठ करून, त्या सिस्टरची सासू