दर गुरुवारी डॉक्टरकडे

पूर्णगड,
मंगळवार

सौ. सावित्रीस,
भावोजींचा आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत ते आधी कळव. साडूभाऊंना नमस्कार सांग, आणि अलोऱ्यात थंडी सुरू झाली असेल तर त्यांना कानटोपी घालायला सांग. ते घालणार नाहीत हे मला माहीत आहे, पण सांगितल्याची नोंद असावी. इकडे मी बरा आहे. हे वाक्य पत्रात सगळेच लिहितात, पण माझ्या बाबतीत ते खरं आहे, आणि ते खरं मानणारा माणूस सध्या गावात उरलेला नाही. विनीत येत्या रविवारी गाडी घेऊन येतो आहे. बाबांना मुंबईला न्यायचं, सगळ्या तपासण्या करायच्या आणि मग तिथेच ठेवून घ्यायचं, असं त्याचं आणि सूनबाई सानवीचं ठरलं आहे. सानवीने माझ्यासाठी कपाटाचे दोन कप्पे रिकामेही केले. (ती स्वभावाने चांगली आहे, म्हणूनच मला भीती वाटते.) मला हे घर सोडून जायचं नाही. मावशीचं तो ऐकतो, म्हणून तुला लिहितो आहे. फोनवर हे जमलं नसतं. फोनवर मी ‘बरं’ आणि ‘ठेवतो’ याच्यापुढे जात नाही, हे तू आणि तुळसाने, दोघी बहिणींनी मिळून मला पुष्कळदा ऐकवलं आहे.

तर सांगायचं ते असं, की मी आजारी नाही. मी सिनेमाला जातो.

तुळसाला जाऊन चार महिने झाले. वर्ष सरेपर्यंत आपल्याकडे सण नाही, गोडधोड नाही, करमणूक नाही. तीस वर्षं तलाठी म्हणून ज्याने लोकांना नियम सांगितले तो थेटरात जाऊन बसतो, हे वाडीला कोणत्या तोंडाने सांगणार? पहिल्या गुरुवारी एसटीची वाट बघत उभा होतो, तेवढ्यात शेजारच्या गोदाने कुठे निघालात म्हणून विचारलं, आणि माझ्या तोंडून ‘डॉक्टरकडे’ असं निघून गेलं. गुरुवार अशासाठी, की शुक्रवारी नवीन सिनेमा लागतो, त्यामुळे आदल्या दुपारी रत्नागिरीत जुन्याकडे कोणी फिरकत नाही. तुळसाही गुरुवारीच जायची, माझी तहसीलला मीटिंग असायची तेव्हा. मी तिला दाराशी सोडायचो आणि काम आटोपलं की समोरच्या टपरीवर पेपर वाचत बसायचो. (निवृत्त झाल्यावरही टपरीवरच बसलो. तीन तास काळोखात बसायचं कशाला, असं माझं म्हणणं होतं.) येताना एसटीत ती मला सगळी गोष्ट सांगायची, आणि घरी पोचल्यावर तीच गोष्ट तुला फोनवर. मी खिडकीबाहेर बघत हुंकार द्यायचो.

पहिला सिनेमा आपल्या कोकणातला होता, असं निदान पोस्टरवर लिहिलेलं होतं. त्यात ऐन गणपतीत झाडांना आंबे लागलेले होते आणि माणसं ते कापून खात आरतीला उभी होती. खलनायक एका म्हाताऱ्याचा अंगठा उठवून अख्खी वाडी आपल्या नावावर करून घेतो. मला बसवेना. हिस्सेदारांना नोटिसा नाहीत, बहिणींच्या सह्या नाहीत, सातबाऱ्याचा फेरफार मंजूर झालेला नाही, आणि नायक हरकतीचा अर्ज द्यायचा सोडून दिसेल त्याला मारत सुटला आहे. त्याने पंधरा दिवसांत हरकत घेतली असती तर सिनेमा मध्यंतरापर्यंतसुद्धा टिकला नसता. तुळसाने मात्र असले सिनेमे सांगताना माझ्याकडे बघून गोष्टीतली कागदपत्रं नीट करून घेतलेली असायची, हे मला आता कळतं.

दुसरा मारामारीचा. नायकाला नऊ गोळ्या लागतात, तो पुलावरून खाली पडतो, मग त्याच्यावर पूलही पडतो, आणि पुढच्या प्रसंगात तो इस्त्रीचा शर्ट घालून परदेशात नाचतो. पुढच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारत होती. मला त्या नायकाचा रागच आला. (तुळसाला फक्त तीन दिवस ताप होता. याचा सिनेमाशी संबंध नाही, म्हणून कंसात लिहिलं.)

तिसरा, वीस-बावीस वर्षांपूर्वीचा, परत लावलेला. हल्ली तशी पद्धत निघाली आहे. दोन भाऊ, वाटणीवरून भांडण, मध्ये म्हातारी आई. पहिल्या दहा मिनिटांतच माझ्या लक्षात आलं की ही गोष्ट मला ठाऊक आहे, कारण तेव्हा वाटेत एसटी बंद पडली होती आणि तुळसाने ती दोनदा सांगितली होती. तिच्या गोष्टीत शेवटी आई बरी होते, दोघे भाऊ तिला उचलून घरी आणतात आणि मोठी सून तिला आमटीभात भरवते. म्हणून सगळे हुंदके देत होते तरी मी निवांत होतो. आणि सिनेमात आई मरते. मरते म्हणजे अगदी मरते, पुढे वीस मिनिटं नुसते तिचे दिवस घालतात. तुळसाने तिला मारलंच नव्हतं. तुलाही तिने आमटीभातच सांगितला होता का, ते आठवून कळव. मला वाटतं, तिने माझ्यापुरती दुरुस्ती केली असावी. तलाठ्याच्या बायकोने मृत्यूची नोंद फिरवली आणि तलाठ्याला इतकी वर्षं पत्ता नाही.

त्या दिवशी एसटीतून उतरलो तेव्हा माझे डोळे लाल होते. ती गेली त्या दिवशी मी रडलो नाही हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. लाकडं, भटजी, आल्यागेल्याचा चहा, यातच होतो. लोक म्हणाले, भागोजी मनाचा घट्ट आहे. एकदा म्हणाले की मग घट्टच राहावं लागतं. थेटरात तसं काही नसतं. पण गोदाने डोळे बघितले. संध्याकाळपर्यंत वाडीत मला रक्तदाब झाला, दुसऱ्या दिवशी साखर झाली, आणि शनिवारी असं काहीतरी झालं की ज्याचं नाव माझ्यासमोर कोणी काढेना. तेव्हापासून मला घराघरांतून आजाऱ्याची पेज येते. शेजारी बांगडा तळल्याचा वास येतो आणि त्याच घरातून माझ्यासाठी पेज येते. विनीतला फोन केला तोही गोदानेच.

चौथा भुताचा, गेल्या गुरुवारचा. भूत चांगलं होतं, फक्त जांभ्याच्या लाल मातीत एवढं लोळून त्याची साडी पांढरी कशी राहते ते समजलं नाही. मध्यंतराला दिवे लागले आणि मागच्या रांगेतून आवाज आला, “काय वो दादा, नंबर लागला काय?”

वळून बघतो तर गोदा. मार्गशीर्षातला गुरुवार, तिचा उपास, घरी डोळे दाखवायला जाते म्हणून सांगून आलेली, आणि मांडीवर पॉपकॉर्नचा हा एवढा डबा. मी म्हटलं, गोदा, उपास ना तुझा?

“माजा उपास आनि तुमचा आजार, दोनी घराकडं ऱ्हायले,” ती म्हणाली. “घ्या. मीठ कमी हाय, तुमाला चालंल.”

मग ती उठून माझ्या शेजारच्या खुर्चीत आली. भूत दिसलं की डोळे मिटायची आणि मला विचारायची, गेली काय ती? मी गेली म्हणून सांगायचो. (दोनदा मुद्दाम आधीच सांगितलं.) सुटल्यावर मी तिला विनवलं, की विनीतला परत फोन कर आणि मी ठणठणीत आहे म्हणून सांग. ती म्हणाली, “आनि मला कसा कळला म्हनून त्यानं इचारलान तर? थेटरात बघितलंय म्हनू?”

तेव्हा आता तूच त्याला सांग. शक्यतो सिनेमाचं नाव न काढता सांग. तसं जमणार नाही हे मलाही कळतं, पण तुझं बोलणं माझ्यापेक्षा बरं आहे.

तुझा,
भागोजी भावोजी

ता. क. वर्ष सरायच्या आत मी हे करतो ते तुला कसं वाटतं, तेही खरं सांग. बहीण तुझी होती. तू नको म्हणालीस तर जाणार नाही.

ता. क. दुसरा, गुरुवार संध्याकाळ. पत्र अजून माझ्याजवळच आहे. काल पोस्टापर्यंत गेलो आणि परत आलो. आज सकाळी विनीत रविवारची वाट न बघता दारात हजर. म्हणाला, आज गुरुवार आहे, मला तुमच्या डॉक्टरांना भेटायचंय. तासभर गाडीत मी सांगायचं ठरवत होतो, तेवढ्यात रत्नागिरी आली. थेटरासमोर थांब म्हटलं. “दवाखाना वरच्या मजल्यावर आहे का?” त्याने विचारलं. मी म्हटलं, खालीच आहे. त्याने पोस्टरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जाऊन दोन तिकिटं घेऊन आला. सिनेमा दोन खोट्या पोलिसांचा होता, विनोदी होता, आम्ही दोघेही हसलो नाही. मध्यंतराला तो म्हणाला, “आई कुठे बसायची?” तिच्याबरोबर मी कधी आत गेलोच नव्हतो. मग तो चष्मा पुसायला लागला. पुढचा भाग सुरू होऊन बराच वेळ झाला तरी पुसतच होता.

परत येताना कपाटाचा विषय निघाला नाही. घरी गोदा पेज घेऊन उभी होती. विनीत तिला अगदी गंभीरपणे म्हणाला, “काकी, डॉक्टरांना भेटलो. बाबांना हलवायचं नाही म्हणाले. उपचार इथेच, दर गुरुवारी, खंड पडू द्यायचा नाही. आणि एकटं पाठवायचं नाही, सोबत घरचं माणूस पाहिजे.” गोदाने मान हलवली आणि माझ्याकडे बिलकुल बघितलं नाही.

तेव्हा विनीतला आता काही सांगू नकोस. घरचं माणूस म्हणून पुढच्या बुधवारपर्यंत तू ये, तो गाडी पाठवतो आहे. नवीन सिनेमा कोणता लागतो ते उद्या कळेल. वाईट निघाला तर बरंच, मध्ये मध्ये तिच्याबद्दल बोलता येईल.