कपाटातलं भूत कोण होतं, याबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करीत आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. तो मी सांगितला, शिवाय त्यांच्या कोटाची बाही उसवल्याचंही सांगितलं. वकील जिथे जिथे "हे वगळू या" म्हणाले, तिथे मी "राहू द्या" म्हटलं आहे.

१. राहतं घर माझ्या मुलाला, कलम ५ मधील अटीवर. मुलगा वाईट नाही. फक्त लोक काय म्हणतील हे त्याला लोकांच्या आधी ऐकू येतं. वडिलांवर गेलाय.

२. बँकेत असेल ते सुनेला. तिने ते स्वतःवर उडवावं आणि नवऱ्याला विचारू नये. मी जन्मभर विचारत बसले, म्हणून सांगते.

३. शिलाई मशीन आणि कात्र्या कोपऱ्यावरच्या शिवणवर्गाला. मोठ्या कात्रीने कागद कापणाऱ्याला मी दिसेन.

४. पुढच्या खोलीतलं लाकडी कपाट माझ्या नातीला. मुलगा ते सुताराकडून मोडून घ्यायला निघाला आहे. कपाटाला हात लावू नये, दाराची वाकडी कडीही सरळ करू नये. कारण लिहिते.

लग्नानंतर दोन वर्षांनी आमच्या गावात एक सिनेमा कंपनी आली. सिनेमा भुताचा, खिसा फाटका. कपडे माझ्याकडे शिवायला होते. भूत होणारी नटी पहिल्याच दिवशी तापाने पडली. भुताचा झगा मी माझ्याच अंगावर लावून बेतलेला, तो दुसऱ्या कुणाला होईना. मग मलाच पांढरा रंग फासून या कपाटात उभं केलं. किंचाळत बाहेर यायचं आणि हीरोने बेशुद्ध पडायचं, एवढंच काम.

मी किंचाळत आले. झगा कडीत अडकला आणि टर्रकन उसवला. उसवलेलं दिसलं की माझा हात थांबत नाही. खांद्यावर टोचलेली सुई काढली, तिथेच बसकण मारली आणि टाके घालायला लागले. हीरो पडल्या पडल्या एक डोळा उघडून बघतोय. त्याला म्हटलं, "थांबा हो जरा, एवढं होऊ द्या." दातांनी दोरा तोडला, उठले आणि पुन्हा किंचाळले. डायरेक्टरने कॅमेरा बंद केलाच नाही. घाबरवायला काढलेला सिनेमा तिथून पुढे विनोदी झाला. मजुरीऐवजी मला हे कपाट मिळालं.

आमच्या ह्यांनी सांगून माझं नाव काढायला लावलं होतं. सिनेमातल्या नावांच्या पाट्यांमध्ये येतं, "कपाटातलं भूत : ?" पहिल्या खेळाला थिएटर पोट धरून हसत होतं. हे मध्यंतरात उठून घरी गेले. रात्रीचं जेवण झाल्यावर एकदाच बोलले, "चारचौघांत माझं हसं केलंस." पुढे घरात तो विषय बंद. मीही मूग गिळून बसले. आज लिहून ठेवते : हसं त्यांचं झालं असेल, मी हसू आणलं होतं. एवढ्या मोठ्या थिएटरला, एका सुईवर.

गेल्या महिन्यात रविवारी दुपारी नातीने तोच सिनेमा टीव्हीवर लावला. हसून हसून सोफ्यावरून खाली आली. मग एकदम थांबवून म्हणाली, "आजी, हे आपलं कपाट आहे. कडी बघ ना." मी सुईत दोरा ओवायला घेतला.

"मग हे भूत कोण गं? कसलं भारी काम केलंय."

मुलाने पेपर खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "असेल कुणीतरी."

"बिचारीचं नावसुद्धा नाही टाकलं," नात म्हणाली.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. त्या सिनेमाची मला कधीच लाज वाटली नव्हती. त्या "कुणीतरी"ची वाटली.

५. मी गेल्यावर भेटायला येणाऱ्यांना पुढच्या खोलीत बसवून हा सिनेमा पूर्ण दाखवावा. मुलाने पहिल्या खुर्चीवर बसावं आणि मध्यंतरानंतरही बसून राहावं. उठला तर घर शिवणवर्गाला. वकील म्हणतात ही अट कोर्टात टिकणार नाही. न टिको, निदान मोठ्याने वाचली तरी जाईल.

६. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. पण हे कलम मी मरेपर्यंत थांबणार नाही. याची एक प्रत नातीला आज संध्याकाळी, मुलासमोर, माझ्या हाताने देणार आहे. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खाली सहीत आहे. नेहमीची सही वकिलांच्या समाधानासाठी प्रत्येक पानावर केली आहे. ही शेवटची माझ्या समाधानासाठी.

साक्षीदार :
(१) दाखला देणारे डॉक्टर (बाही शिवून दिली आहे)
(२) सदर सिनेमातील बेशुद्ध पडणारा हीरो, हल्ली निवृत्त बसचालक. दोन्ही डोळे उघडे ठेवून सही केली.

स्थळ : पुढची खोली, कपाटासमोर
तारीख : ९ फेब्रुवारी, रविवार

सही :
कपाटातलं भूत. मीच.