तिसरं तिकीट

बाबा, काल ऑफिसमध्ये माझ्या शेजारी बसणारा सहकारी सांगत होता की तो आणि त्याची बायको पहिल्यांदाच अमेरिकेला चाललेत. आठ दिवस आहेत, त्यात एखादाच खेळ प्रत्यक्ष स्टेडियममध्ये बसून बघायला जमेल, तर कुठला बघावा, असं तो सगळ्यांना विचारत होता. कोणी बास्केटबॉल म्हणालं, कोणी आइस हॉकी. मी म्हणाले, बायकोला विचार. तो हसून म्हणाला, तिला काय, कुठलाही चालेल. तेव्हा मी जरा मोठ्यानेच विचारलं, "तू विचारलंयस का तिला?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सॉरी म्हणाले आणि चहा आणायला उठले. संध्याकाळी घरी येताना लंडनच्या ट्रेनमध्ये इल्फर्डपर्यंत उभी होते आणि सबंध वाट तुमच्याशी भांडत होते. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, पण भांडण जुनं झालेलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

लहानपणीच्या आमच्या रविवारच्या संध्याकाळी तुम्हाला माहीतच नव्हत्या. तुम्ही दर दुसऱ्या वीकएंडला हॉस्पिटलमध्ये ऑन कॉल असायचात आणि बर्मिंगहॅमच्या त्या घरात आई आणि मी दोघीच असायचो. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची होते. टीव्हीवर नुकताच अमेरिकन फुटबॉल दाखवायला लागले होते, रविवारी, जेवणाच्या आधी. पहिल्यांदा आम्ही लावला तो हेल्मेटं आणि फुगवलेले खांदे बघून हसायला. मग आईचं हसू थांबलं आणि ती पुढे सरकून बसली. सांगलीच्या कॉलेजातून गणितात पहिल्या वर्गात बी.एस्सी. झालेली बाई ती. या देशात आल्यावर तिच्या त्या गणिताचा उपयोग कुठल्या वारी तुमचा कुठला शर्ट ते ठरवण्यापलीकडे कोणी केला नव्हता. महिन्याभरात तिने नियम काढले. कोणाला न विचारता, नुसतं बघून. चार खेपांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर पुन्हा चार खेपा मिळतात, नाही गेलात तर चेंडू समोरच्यांचा. 'डाउन'ला 'खेप' हा शब्द तिचाच. मैदानावर खेळाडू डोकी जवळ आणून ठरवतात त्याला ती 'कुजबुज' म्हणायची, आणि चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला 'फेक्या'. फुकट येणाऱ्या पेपरच्या कडेला ती पेन्सिलीने गोल आणि फुल्या काढायची आणि मला सांगायची, आता बघ, हा उजवीकडे पळेल. तो उजवीकडेच पळायचा. चौथी खेप आली की ती पोळीचं पीठ हातात तसंच घेऊन दारात येऊन उभी राहायची, कारण चौथ्या खेपेला खरी परीक्षा असते. लाथेने चेंडू लांब मारून सुरक्षित राहायचं, की धोका पत्करून पुढे घुसायचं. "घुसा रे," ती म्हणायची. माझी आई, जी तुमच्या मित्रांसमोर वाक्य पूर्ण करायची नाही.

एकदा तुम्ही लवकर घरी आलात. आम्ही दोघी ओरडत होतो, तुमच्या किल्लीचा आवाज ऐकूच आला नाही. तुम्ही कोटासकट खोलीत आलात, टीव्ही बंद केलात आणि म्हणालात, "घर आहे की पब?" आई उठून आत गेली. मी तुमच्याकडे बघत राहिले आणि तुम्ही मला होमवर्कला पाठवलंत. हॉस्पिटलमध्ये तुम्ही कसे बोलता ते मी एकदा ऐकलं होतं. म्हाताऱ्या पेशंटांच्या वॉर्डमध्ये, तुमच्याहून दहा वर्षांनी लहान मुख्य डॉक्टरसमोर, कन्सल्टंटसमोर, प्रत्येक वाक्याच्या आधी आणि नंतर सॉरी. कन्सल्टंटची जागा तुम्हाला तीनदा नाकारली होती, हे मला पुढे कळलं. त्याबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं असतं, तुम्ही सांगितलं असतंत तर. पण तुम्ही ते सांगितलं नाहीत. तिथला सगळा हिशेब तुम्ही आमच्या बैठकीच्या खोलीत चुकता केलात.

पंच्याऐंशीच्या ख्रिसमसच्या सुट्टीत आपण अमेरिकेला गेलो. न्यूजर्सीला, तुमच्या मेडिकल कॉलेजच्या मित्राकडे. तुम्ही दोघं एकाच बाकावर बसलेले, तो तिकडे गेला, तुम्ही इकडे आलात, आणि त्याच्या घराला तीन गाड्यांचं गॅरेज होतं. पोचलो त्या दिवशीच हे काका म्हणाले की, इथला एक तरी खेळ प्रत्यक्ष बघितल्याशिवाय तुम्हाला परत पाठवणार नाही. त्यांच्या मोठ्या उजेडी स्वयंपाकघरात आपण सगळे बसलो होतो आणि ते टूरिस्ट गाइडसारखे एकेक समजावून सांगत होते. बेसबॉल हिवाळ्यात नसतो. बास्केटबॉल बंद हॉलमध्ये असतो, ऊब असते, मिनिटामिनिटाला गुण होतात, नवख्या माणसालाही कळतो. आइस हॉकीत चकती दिसत नाही पण मारामाऱ्या दिसतात. फुटबॉल म्हणजे उघड्यावर चार तास थंडी, सारखे थांबे, पण वातावरण बघावं तर तिथलंच. लोक सकाळपासून पार्किंगमध्ये शेगड्या पेटवून जेवण बनवतात. फुटबॉलची तिकिटं मिळत नाहीत, पण त्यांच्या ओळखीच्या एकाकडे त्या रविवारची तीन होती. काकू म्हणाल्या, बायकांना बास्केटबॉल बरा. तेव्हा काका आईकडे वळले आणि म्हणाले, "वहिनी, पाहुणे तुम्ही. तुम्ही सांगा."

आईने हात पदराला पुसले. ते ओले नव्हते. ती म्हणाली, "फुटबॉल बघायला आवडेल मला."

मी तिच्याकडे बघितलं. सबंध ट्रिपमध्ये तिने स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट. आणि तुम्ही हसलात. मोठ्याने, मित्राच्या खांद्यावर हात टाकून. "हिला काय कळतंय त्यातलं. अर्ध्या तासात कुडकुडत घरी चला म्हणेल."

"नाही म्हणणार," आई म्हणाली.

काका चांगले होते, बाबा. ते म्हणाले, तीनच तिकिटं आहेत, तर तुम्ही तिघं जा, मी गाडीने सोडतो आणि न्यायला येतो. मी असे सामने बघितलेत, मला काही नवल नाही. इतकं सोपं होतं ते. तुम्ही फक्त बरं म्हणायचं होतं. पण तुम्ही म्हणालात, तू नसशील तर मजा काय, आपण दोघं जाऊ, आणि तिसरं तिकीट तुझ्या डिपार्टमेंटच्या हेडला दे, त्या निमित्ताने ओळख होईल. हेडची ओळख कशाला, ते मला तेव्हा कळलं नाही. आईला कळलं असावं, कारण ती लगेच उठून काकूंना विचारायला लागली की कणीक किती भिजवू. मी म्हणाले, बाबा, आईला सगळे नियम येतात, तुमच्यापेक्षा जास्त. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस."  

त्या रविवारी काकूंनी आम्हाला मॉलमध्ये नेलं. आईसाठी त्यांनी लोकरीचे हातमोजे घेतले आणि आईने ते दुकानातच हातात घातले, बाहेर थंडी लागतेय म्हणून. एका दुकानात टीव्हीची रांग होती, सगळ्यांवर तोच सामना लागला होता. आई तिथे थांबली. वीसएक टीव्हींवर तेच हिरवं मैदान, त्याच्या कडेला कुठेतरी तुम्ही. काकू पुढे निघून गेल्या होत्या. आई दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, चल, त्या वाट बघत असतील. आवाज बंद होता सगळ्या टीव्हींचा.

अंधार पडल्यावर तुम्ही परत आलात, लाल नाक घेऊन. काय प्रचंड स्टेडियम, काय गर्दी, असं सांगत बसलात. आईने विचारलं, सामन्याचं पुस्तक असतं ना, ते आणलंत का? तुम्ही म्हणालात, होतं, सीटवर राहिलं. आई पोळ्या लाटत होती. तिने मान वर न करता विचारलं, "अहो, शेवटच्या चौथ्या खेपेला त्यांनी लाथ मारली की घुसले?"

"कसली खेप?" तुम्ही म्हणालात. "ते सारखे थांबतच होते."

बाबा, तिला तो सामना दुकानात शेवटपर्यंत बघता आला नव्हता. तिला एवढंच कळायला हवं होतं. तुम्ही चार तास तिथे बसून तिच्यासाठी एक उत्तर आणलं नाहीत. घरी परत आल्यावर पुढच्या रविवारी मी टीव्ही लावला तर ती म्हणाली, लाव तू, मला इस्त्री आहे. त्यानंतर तिने तो खेळ पुन्हा बघितला नाही. तुमच्या ते लक्षातही आलं नसेल.

एवढ्यावर थांबला असतात तर कदाचित मी विसरले असते. पण तुम्ही त्या सामन्याचा किस्सा केलात. आपल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात, कोणाच्या तरी घरामागच्या काचेच्या कॉन्झर्व्हेटरीत प्लेट हातात धरून, तुम्ही तो सांगायचात आणि दर वर्षी तो वाढत जायचा. एकोणनव्वदच्या दिवाळीत मी सतरा वर्षांची होते. वीसेक माणसं होती. आई लाडवांचं ताट फिरवत होती. आणि तुम्ही सांगितलंत की हिलाही नेलं होतं मी, हाफटाइमलाच रडायला लागली थंडीने, शेवटी मला उठावं लागलं. सगळे हसले. कोणीतरी आईला म्हणालं, वहिनी, तुम्हाला आयुष्यातला चान्स होता.

मी म्हणाले, "बाबा, आई तिथे नव्हती. तुम्ही तिला नेलंच नाहीत."

 तुम्ही शांतपणे म्हणालात की ही लहान होती, हिच्या लक्षात नाही. आणि मग सगळे आईकडे बघायला लागले. तिने ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि म्हणाली, "हो, फार थंडी होती."

घरी आल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. मी रडत होते, ती डबे घासत होती. का म्हणालीस असं, मी विचारलं. ती म्हणाली, "चारचौघांत त्यांना खोटं पाडून मला काय मिळणार होतं? घरी तर मलाच यायचं होतं त्यांच्याबरोबर." तुम्ही वर झोपायच्या खोलीत बातम्या ऐकत होतात. मी तेव्हा जिना चढून यायला हवं होतं. आले नाही. पुढच्याच वर्षी तुमचं हार्ट थांबलं, त्याच वॉर्डच्या कॉरिडॉरमध्ये, आणि मी न बोललेलं सगळं माझ्याकडेच राहिलं.

तुमच्या दिवसकार्याला काका न्यूजर्सीहून आले होते. एका दुपारी आमच्या बागेत माझ्याशी बोलत बसले. त्यांनी सांगितलं की तुम्हाला तिकडे नोकरी हवी होती. त्यांचा तो हेड सबंध सामनाभर तुमच्याशी बोलायचा प्रयत्न करत होता. त्याला दुसरं काही बोलताच यायचं नाही, आयुष्यभर त्याच एका टीमचा वेडा. तो विचारायचा, आता काय करतील वाटतं तुम्हाला? आणि तुम्ही क्रिकेटचं काहीतरी सांगायचात. चारपैकी तिसऱ्या क्वार्टरनंतर तो दुसऱ्या बाजूच्या माणसाशी बोलायला लागला. नोकरीचा विषय निघालाच नाही. परतीच्या वाटेवर तुम्ही गाडीत एक शब्द बोलला नाहीत, असं काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना टिश्यू दिला. मला रडू आलं नाही. मला एवढंच दिसत होतं की त्या तिसऱ्या सीटवर आई असती, काकांच्या जागी तो हेड असता, तर ती त्याच्याशी चार तास बोलली असती. तिच्या तुटक इंग्लिशमध्ये, पेन्सिलीने गोल आणि फुल्या काढून. आज आपण कदाचित अमेरिकेत असतो. तुमच्या गरजेचं माणूस त्या स्वयंपाकघरात उभं होतं आणि तुम्ही त्याला मॉलमध्ये पाठवलंत. काकांना तुमची कीव आली. मला ती यायला हवी होती हे मला कळतं. आली नाही.

सत्त्याण्णवमध्ये मी आईला म्हणाले, चल, मी नेते तुला, तिकिटं काढते, हवा तो सामना बघू. माझा पगार बरा होता तेव्हा. ती हसली आणि म्हणाली की आता ती टीमही तिला माहीत नाही, खेळाडूही माहीत नाहीत. मी म्हणाले, दोन आठवड्यांत शिकशील. ती म्हणाली, "शिकेन गं. पण मला तेव्हा जायचं होतं." आणि मला बसच्या पासाचा फॉर्म भरून द्यायला सांगितलं.

बाबा, मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि हे पत्र त्यासाठी नाही. पण एक गोष्ट आहे, जी मी आईला कधी सांगितली नाही. अमेरिकेहून परत आल्यावर जानेवारीत शाळेत सगळ्या विचारायला लागल्या, काय बघितलंस? मी म्हणाले, फुटबॉलची मॅच. डॅडबरोबर गेले होते. मला सगळं येत होतं, खेपा, यार्ड, कोण कुठे पळतं, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. शुक्रवारी एक मैत्रीण घरी चहाला आली होती आणि मी तिला सोफ्यावर बसून तोच सामना पुन्हा सांगत होते. तिने विचारलं, तुझी ममही आली होती? मी हसले आणि म्हणाले, "माय मम? डोन्ट बी सिली." स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आई आमच्यासाठी टोस्ट भाजत होती. तिने ऐकलं की नाही, मला माहीत नाही. थोड्या वेळाने तिने टोस्ट आणून ठेवले आणि माझ्या मैत्रिणीला विचारलं, जॅम हवा का.