पुकारलेला आहेर

साळू, माझे धाकटे भैनी,

तुझ्या थोरलीच्या लग्नात मी मांडवात आहेर पुकारायला लावला, "नवरीच्या मावशीकडनं लुगडं, पाच भांडी आन् वऱ्हाडाचं जेवान!" वर मीच म्हणलं, "आवं, जरा मोठ्यानं, मागं ऐकू गेलं न्हाई." तू मान खाली घातलीस. आई-बा गेल्यावर माझंच घर तुझं म्हायेर, पर तवापासनं तू आली न्हाईस. दर दिवाळीला तुझ्या आंघुळीचा पाट मांडते आन् उचलून ठेवते.

औंदा तुमच्या कवठे महांकाळला दुष्काळ. नाव न सांगता एसटीवर दोन पोती जुंधळं धाडलं. परवा तुझी जाऊ हिकडं आमच्या साताऱ्याच्या बाजारात भेटली. म्हणाली, "साळू रोज त्या देणाऱ्याला हात जोडती." माझी छाती अशी फुगली! देणारी मी हाय, हे सांगाया घाईनं लिवाया बसले.

लिवता लिवता कळलं, मी अजून मांडवातच उभी हाय, मोठ्यानं पुकार म्हणत.

हे पत्र धाडत न्हाई, जुंधळ्याच्या कणगीत टाकते. हात त्या देणाऱ्यालाच जोड. माझ्याकडं नुसती भांडाया ये गं.

वाट बघणारी,
तुझी अक्का