तिसऱ्या बरणीचे दोन थेंब

४ जानेवारी, रविवार

चिंगीने आज स्वयंपाकघराचा ओटा बळकावला! तीन काचेच्या बरण्या, आत माती, मातीत मुंग्या. म्हणे, "बाबा, पीएच.डी.च्या अर्जाला स्वतः केलेलं एखादं काम जोडायचंय. २८ फेब्रुवारी शेवटची तारीख." तेहतीस वर्षांची बाई, शाळेत विज्ञान शिकवते आणि घरात मुंग्या पाळते. मी उभा जन्म मुंग्यांची पावडर टाकण्यात घालवला!

कुठल्या बरणीला काय आणि कधी द्यायचं, ते बराच वेळ समजावत होती. माझं लक्ष दुधाकडे. तरी उतू गेलंच.

७ जानेवारी

तिसरी बरणी कोरडी ठणठणीत. कालही तशीच होती. शाळेच्या घाईत विसरते पोरगी, दुसरं काय! बोललो तर ओशाळेल. ड्रॉपरने साखरपाणी घातलं – दोन थेंब, स. ११.

छत्तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतो. उपाशी जीव आणि न नोंदलेला डोस, दोन्ही मला बघवत नाहीत.

८ जानेवारी

दोन थेंब, स. ११. एक मुंगी आली, मिशा हलवल्या, परत गेली आणि सगळं खानदान घेऊन आली! संध्याकाळी चिंगी यायच्या आत चाटूनपुसून साफ.

११ जानेवारी, रविवार

आज तिसरीला तिने स्वतः घातलं. आठवण झाली एकदाची! आज माझा डोस नाही.

१५ जानेवारी

दोन थेंब, स. ११.

चिंगी अर्ज करतेय ते विद्यापीठ रेल्वेने दहा तासांवर आहे. पाच वर्षं तरी लागतात म्हणे. हिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. भाजी चिरताना मनात आलं – नाही झाली निवड तर बरं. आलं ते लिहून ठेवतो, इथे खोटं लिहायचं नाही. बाप म्हणवतो आणि!

नंतर तिच्या चपलांना पॉलिश केलं. दोनदा.

२४ जानेवारी

सोमवारपासून ताप. पाच दिवस अंथरुणात, डोस एकही नाही. चिंगीने रजा काढून कपाळावर पट्ट्या ठेवल्या. कंपाउंडरची मुलगी, आणि थर्मामीटर अजून उलटा धरते! पण काय जीव टाकते माझ्यावर.

आज उठून आधी बरणी पाहिली. तिसरीत अकरा मेलेल्या. फार वाईट वाटलं. दोन थेंब, स. ९. अकरापर्यंत थांबवेना. ती तेव्हा अंघोळीला गेली होती.

१८ फेब्रुवारी

दोन थेंब, स. ११.

संध्याकाळी चहा घेताना तिने अर्जातलं टिपण वाचून दाखवलं. "तिसऱ्या बरणीला आठवड्यातून फक्त एकदा अन्न दिलं. तरीही, रोज अन्न दिलेल्या पहिल्या बरणीत जगल्या जवळजवळ तितक्याच मुंग्या जगल्या. उपासमारीत वारूळ स्वतःला सांभाळून घेतं…"

कप खाली ठेवला. आठवड्यातून एकदा! मुद्दाम! ती विसरत नव्हतीच.

"तिकडच्या प्राध्यापक बाईंना फोनवर सांगितलं. म्हणाल्या, असं असेल तर फार नवीन आहे! कसं वाटलं, बाबा?"

"छान," म्हणालो. गाढव मी.

१९ फेब्रुवारी

डोस बंद.

सांगितलं तर तिच्या हातात काय उरतं? नऊ दिवसांत पुन्हा प्रयोग होत नाही. नाही सांगितलं तर माझी चूक ती आपलं काम म्हणून चार जाणत्यांसमोर मांडणार. ती निवड काय कामाची?

सगळे डोस या वहीत आहेत. वही द्यावी तर १५ जानेवारीचं पान. ब्लेड घेऊन बसलो होतो. त्याच पानावर त्या दिवसाचा डोस! छत्तीस वर्षांत रजिस्टरचं पान फाडलं नाही. ब्लेड ठेवून दिलं.

२३ फेब्रुवारी

वही आज परत मिळाली, म्हणून सगळं एकदम लिहितो.

शुक्रवारी सांगितलं. "चिंगे, मी तिसरीला रोज दोन थेंब घालत होतो." आधी हसली. मग, "रोज?"

"रविवार आणि तापाचे दिवस सोडून."

"बाबा! हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना मी!"

"दूध उतू जात होतं गं."

गॅलरीत जाऊन पाठमोरी उभी राहिली. खांदे हलत होते. हिला असं रडवणारा मी – मेल्याहून मेल्यासारखं झालं. वही हातात दिली. "वेळेसकट सगळं आहे. फक्त १५ तारखेचं पान… माझ्यावर रागावून वाचू नकोस."

दोन दिवस दार लोटून बसली. फक्त जेवायला बाहेर यायची. काल आलेखाचा कागद पुढे ठेवला. डोस होता तेव्हा मरणं जवळजवळ नाही. बंद पडला त्या पाच दिवसांत अकरा. "दोन थेंबांत अख्खं वारूळ तगतं, बाबा. लहानसंच आहे. पण हे खरं आहे." टिपण पहिल्यापासून लिहिलं, तुमची लुडबुड धरून, म्हणाली.

पंधरा तारखेबद्दल चकार शब्द नाही. आज शाळेत जाताना मात्र मागून येऊन गच्च मिठी मारली. "काय गं?" "काही नाही. चहात साखर कमी घाला."

२७ फेब्रुवारी

अर्ज गेला.

२३ मार्च

मुलाखत कॉम्प्युटरवरच झाली. मी दाराबाहेर, हातात तिची पाण्याची बाटली. प्राध्यापक बाईंनी विचारलं म्हणे, "या डोसच्या नोंदी कुणाच्या?" ही म्हणाली, "वडिलांच्या. प्रयोगही त्यांनीच बिघडवला." बाई खो खो हसल्या. म्हणाल्या, नोंदी उत्तम आहेत. छत्तीस वर्षांत एकाही डॉक्टरने असं म्हटलं नाही!

निवड व्हावी. आज मनापासून वाटतं. रडूही येतं, पण व्हावी.

१६ एप्रिल

झाली निवड!

निवडीच्या पत्राबरोबर तिथल्या राहण्याच्या सोयीचंही पत्र – दोन खोल्या. मी म्हटलं, एकट्या जिवाला दोन कशाला? तिने अर्जाला जोडलेल्या, राहण्याच्या सोयीच्या फॉर्मची प्रत पुढे केली. 'सोबत राहणारे' या रकान्यात – वडील. खाली सही, तारीख ५ जानेवारी – माझ्या त्या पानाच्या दहा दिवस आधीची.

मला विचारलंसुद्धा नाही!