नेटवर्क गेलेले सर

परळ, मुंबई
रविवार दुपार

ती. शांताआक्कास,
धाकट्या गौतमचा सविनय जयभीम.

डोळा कसा आहे? मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यांना ताण देऊ नको असं डॉक्टरांनी बजावलंय, हे कळलं. म्हणून अक्षर मोठं काढतोय. तरी जमलं नाही तर भावोजींकडून वाचून घे (न लागलेले शब्द ते मनाने भरतात, तेवढं सांभाळ). मंडणगडला पाणी कसं आहे, विहीर आटली का, तेही कळव. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे माया बरी आहे, आणि मी बरा आहे असं ती सांगते. शेजारची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहतोय, त्याच्या पायाचे खांब ठोकायचं पायलिंग दिवसभर चालू असतं. फोनवर हे सगळं सांगता आलं असतं, पण पायलिंगमध्ये काही ऐकू येत नाही, आणि शिवाय फोनवर तू मध्ये बोलतेस. ही हकिगत सलग सांगण्यासारखी आहे.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर माझं काय झालं होतं ते तुला ठाऊक आहे. संख्याशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, आणि एके दिवशी समोरचा वर्ग नाहीसा झाला. तोंड मात्र तसंच राहिलं. मी मायाला टोमॅटोच्या भावाचा कल समजावून सांगू लागलो. तिने दोन महिने सोसलं आणि मग पुण्याला अपेक्षाला फोन केला. लेक हुशार. तिने माझं नाव एका संस्थेत नोंदवून टाकलं. ज्या देशांत विद्यापीठं नवी आहेत आणि शिकवणारी माणसं कमी, तिथे ही संस्था आमच्यासारख्या प्राध्यापकांना बिनपगारी पाठवते. त्यांच्या पत्रकात शब्द होता ‘विद्यापीठांचं बळकटीकरण’. माया म्हणाली, “ते पुलाचं करतात ना?” मी तिकडे दुर्लक्ष केलं. जायचं ठरलं होतं आफ्रिकेतल्या मलावी देशात, सहा महिने. पण माझं ब्लडप्रेशर बघून डॉक्टरांनी विमानाचं नावच काढू दिलं नाही. शेवटी ठरलं की मी इथूनच, लॅपटॉपवरून, दर सोमवारी एक तास घ्यायचा. तिथले सकाळचे आठ म्हणजे आपले साडेअकरा. बाहेरच्या खोलीत पायलिंगने कप हलतात, म्हणून मी टेबल स्वयंपाकघरात नेलं. वर कोट, टाय, खाली लुंगी. कॅमेऱ्याला काय, छातीपर्यंतच दिसतं.

तिथे माझ्या जोडीला होती चिम्वेम्वे. तरुण अधिव्याख्याती, एम.एस्सी. करून नुकतीच लागलेली. नावाचा अर्थ त्यांच्या भाषेत आनंद. मायाला ते नाव उच्चारता येईना, तिने चिमी करून टाकलं, आणि चिमीला ते इतकं आवडलं की मलाही तेच म्हणायला लावलं. विभागातले मोठे प्राध्यापक जास्त पगारावर दुसऱ्या देशात निघून गेले होते. उरलेल्यांत हीच काय ती. शेतकी, नर्सिंग, हिशेब, सगळ्या शाखांची दोनेकशे मुलं एका हॉलमध्ये, आणि समोर भिंतीवर प्रोजेक्टरने पाडलेला मी, छपरापर्यंत उंच. चिमी बाजूला उभी राहून हजेरी घ्यायची आणि माझ्यासाठी पानं उलटायची.

आक्का, मी जीव तोडून शिकवलं. अडचण एकच आली. माझी सगळी उदाहरणं क्रिकेटची. सरासरी म्हटली की मला फलंदाज आठवतो, आणि तिकडे कोणी क्रिकेट पाहिलेलं नाही, फुटबॉल सगळं. तेव्हा सरासरी समजावण्यासाठी आधी मी क्रिकेट समजावलं. त्यात दोन सोमवार गेले. दुसऱ्या सोमवारच्या शेवटी मुलांना पायचीत म्हणजे काय ते बऱ्यापैकी कळलं होतं, सरासरी राहिली. प्रश्न कोणी विचारत नव्हतं. मी म्हणायचो, काही शंका? सगळा हॉल शांत. ही शांतता म्हणजे समजल्याची खूण, असं मी मायाला सांगितलं. माया मासे साफ करत होती.

मग एका सोमवारी नेटवर्क गेलं. गेलं म्हणजे अर्धवट गेलं. मला तिकडचं सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. पण माझं काही पोचत नव्हतं. भिंतीवर माझं शेवटचं चित्र गोठून बसलं होतं, तोंड उघडं, एक बोट वर. (ते मला त्यांच्या कॅमेऱ्यातून दिसत होतं. स्वतःला इतकं मोठं आणि इतकं निरुपयोगी मी कधी पाहिलं नव्हतं.) चिमीने थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग तीच पुढे आली. तिने विचारलं, कोणाकोणाच्या घरी मासळी विकतात? पुष्कळ हात वर झाले. त्यांच्याकडे मोठं सरोवर आहे, त्यात उसिपा नावाची बोटभर मासळी मिळते, आपल्या मांदेलीची चुलत बहीण म्हण. ती सुकवून विकतात. चिमीने फळ्यावर दोन टोपल्या काढल्या. दोन्हींतल्या माशांची सरासरी लांबी सारखीच. पण एकीत सगळे एकसारखे, आणि दुसरीत काही अगदी चिमुकले, काही मोठाले. तिने विचारलं, तुमची आई कुठली टोपली घेईल? मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, पहिली. दुसरीतले बारके वाळून कोळसा होतात तेव्हा मोठे अजून ओलेच असतात. चिमी म्हणाली, बरोबर, मग सरासरी सारखी असूनही या दोन टोपल्यांत जो फरक आहे तो मोजायचा कसा? आणि हॉल बोलायला लागला. अर्धं इंग्रजीत, अर्धं त्यांच्या चिचेवा भाषेत. प्रमाण विचलन, म्हणजे हाच फरक मोजायची रीत, जे मी शिकवायला पुढचे तीन सोमवार राखून ठेवले होते, ते पोरांनी तिच्याकडून जवळपास ओढूनच घेतलं.

तेवढ्यात माझं नेटवर्क आलं. मी म्हणालो, “हां, तर मी काय सांगत होतो—” आणि सगळा हॉल गप्प झाला. ती मागच्या बाकावरची मुलगी अजून उभी होती, ती खाली बसली.

तास संपल्यावर चिमी एकटी लॅपटॉपसमोर आली. आधी तिने मायाची चौकशी केली, मग माझ्या ब्लडप्रेशरची, मग माझ्या विद्वत्तेची बरीच स्तुती केली. फार सभ्य माणसं आहेत ती; मुद्द्यावर यायला त्यांना आपल्या कोकणातल्या लोकांपेक्षाही वेळ लागतो. शेवटी टेबलाकडे बघत म्हणाली, “सर, पुढच्या सोमवारीही तुमचं नेटवर्क जाऊ शकेल का?”

मी हसलो, आणि मग दोन दिवस कोणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मायाला म्हणालो, एवढ्याशा पोरीला माणसाची किंमत नाही. माया म्हणाली, “तुम्हाला बळकट करायलाच बोलावलंय ना? मग ती उभी राहिली तर तुमच्या पोटात का दुखतंय?” यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मलाच ऐकवेना.

त्या दिवशी मी चालत हिंदमातापर्यंत गेलो आणि परत आलो. मला माझं पहिलं वर्ष आठवत होतं. आपल्या चाळीतून प्राध्यापक झालेला मी पहिला. आमचे तेव्हाचे विभागप्रमुख रोज माझ्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसायचे. मला वाटायचं, हा कुठून आलाय ते माहीत आहे, म्हणून पाळत ठेवताहेत. रागाने माझे कान तापायचे. ते वर्गात एक अक्षर बोलायचे नाहीत. नंतर चहा पिताना एखादं वाक्य, फार तर दोन. ‘फळ्याशी बोलू नका, मुलांशी बोला.’ असं. मी सूत्र चुकलो तरी ते बसून राहायचे, आणि पुढच्या तासाला मी स्वतः ते दुरुस्त करायचो. आक्का, ते एकदा जरी उठून वर्गासमोर माझी चूक काढते, तर मी त्या नोकरीत टिकलो नसतो, तुला माहीत आहे मी कसा होतो. त्यांच्या गप्प बसण्यावर मी उभा राहिलो, आणि हे कळायला मला मलावी लागलं.

पुढच्या सोमवारी माझं नेटवर्क गेलं. त्याच्या पुढच्या सोमवारीही गेलं. कॅमेरा बंद, माईक बंद, मी स्वयंपाकघरात शेंगदाणे खात ऐकत बसायचो. सोपं नव्हतं. कोणी प्रश्न विचारला की मी इकडे मोठ्याने उत्तर द्यायचो (मायाला आता बऱ्यापैकी संख्याशास्त्र येतं). तास झाला की चिमी आणि मी अर्धा तास बोलायचो. मी एखादी गोष्ट सुचवायचो, ती तिच्या पद्धतीने करायची, आणि बहुतेक वेळा तिचीच बरी निघायची. हॉलमध्ये मला आता सगळे ‘नेटवर्क गेलेले सर’ म्हणतात, असं तिने मोठ्या संकोचाने सांगितलं.

असं सुरळीत चाललं असताना त्यांच्याकडे तपासणी समिती यायचं ठरलं. विभागाला स्वतःची पदवी सुरू करायची होती, आणि समिती एक तास बसून पाहणार होती. मंजुरी मिळाली नाही तर विभाग दुसऱ्या खात्यात विलीन होणार, आणि चिमीची जागाही जाणार. त्यांच्या डीनसाहेबांनी मला स्वतः फोन केला. म्हणाले, त्या दिवशी प्रोफेसरांनीच शिकवायचं, परदेशी प्राध्यापक भिंतीवर दिसले की समितीवर छाप पडते. मी ‘हो’ म्हणालो. खरं सांगतो, आनंदाने म्हणालो. कोट इस्त्रीला दिला. चिमीला कळवलं, तर ती म्हणाली, “बरं होईल, सर.” एवढंच. एरवी पाव तास बोलून मुद्द्यावर येणारी पोरगी दोन शब्दांत थांबली, तेव्हा मला रात्रभर चैन पडेना.

सोमवारी समिती पहिल्या रांगेत बसली. मी भिंतीवर आलो, सर्वांना सुप्रभात म्हटलं, एक बोट वर केलं, आणि गोठलो. माईक सुप्रभात म्हटल्याबरोबर बंद केला होता. कॅमेरा बंद केला असता तर डीनसाहेबांनी फोन केला असता. गोठलेल्या माणसाला कोणी फोन करत नाही. डोळे उघडे, तोंड अर्धं उघडं, श्वास बेताचा. डीनसाहेब उठून उभे राहिले. चिमीने भिंतीकडे पाहिलं. तिला कळलं की नाही, ते मला तेव्हा कळलं नाही. ती फळ्याकडे गेली आणि तिने दोन टोपल्या काढल्या.

आणि इकडे सिलिंडर आला. राजाराम, आमचा गॅसवाला. माया खाली भाजीला गेली होती, दार उघडंच. तो सिलिंडर खांद्यावर घेऊन थेट माझ्या मागे आला, खाली ठेवला, आणि म्हणाला, “सर, ओटीपी सांगा.” मी कसा सांगणार? त्याने पुन्हा विचारलं. मग माझ्यासमोर येऊन वाकून बघितलं, माझ्या तोंडापुढे हात हलवला. मी हललो नाही. त्याचा चेहरा पडला. चांगला माणूस आहे, त्याने माझ्या नाकाखाली बोट धरून श्वास बघितला, आणि मग दाराकडे धावत ओरडला, “वहिनी, लवकर या, सरांना बघा काय झालंय.” हे सगळं तिकडे भिंतीवर, छपरापर्यंत उंच, दोनशे मुलं आणि समिती बघत होती. गोठलेला प्राध्यापक, आणि त्याच्याभोवती फिरणारा गॅसवाला.

हॉलमध्ये हशा उसळणार, इतक्यात चिमी वळली. एकदा भिंतीकडे बघून मुलांना म्हणाली, “एखादी नोंद बाकीच्यांपेक्षा फारच वेगळी दिसली, तर ती लगेच खोडायची नाही. ती तशी का आली, ते आधी विचारायचं.” आणि तिथूनच पुढे शिकवायला लागली. दुसऱ्या रांगेतली मुलं ओठ दाबून वहीत लिहीत होती. मी तासभर तसाच बसलो, आक्का. बोट मात्र हळूहळू खाली आलं, ते मला आवरलं नाही. माया येऊन दारात उभी राहिली, तिने एका नजरेत सगळं ओळखलं, आणि राजारामला बाहेर नेऊन ओटीपी सांगितला.

मंजुरी मिळाली. समितीतल्या एक वयस्कर बाई जाताना चिमीला म्हणाल्या, तुमच्याकडचं नेटवर्क चमत्कारिक आहे, फक्त प्रोफेसरच गोठतात. पण तुमचा तास चांगला झाला. चिमीने संध्याकाळी फोन करून हे सांगितलं. मला वाटतं, मी आयुष्यात घेतलेला तो सगळ्यात चांगला तास.

भावोजींना जयभीम. डोळ्यात औषध वेळेवर घालत जा.

तुझा,
गौतम

ता.क. एक सांगायचं राहिलं. सत्र संपलं, आणि विभागात आता दोन नवे तरुण लागलेत. त्यामुळे पुढच्या सत्रापासून बाहेरच्या प्राध्यापकाची गरज नाही, असं चिमीने कळवलंय. मला आनंदच झाला. याचसाठी तर सगळं होतं. आता सोमवार मोकळा, तेव्हा साठलेली बरीच कामं उरकता येतील.

ता.क. २. कामं कुठली, ते अजून ठरलं नाही.

आक्का, मी माया. माझा जयभीम. हे खाली गेलेत, तेवढ्यात पाकीट चिकटवायच्या आधी लिहिते. वरचं सगळं खरं आहे, फक्त आनंदाचं तेवढं धरू नका. गेल्या सोमवारी साडेअकराला हे टेबल पुसून, कोट घालून बसले होते. लॅपटॉप उघडा, समोर कोणी नाही. मी आमटीला फोडणी दिली. तुम्ही यांना महिनाभर तिकडे बोलवून घ्या. पण मी लिहिलंय असं सांगू नका. भावोजींना एकट्याने जमत नाही, कुंपणाचं काम काढलंय, माणूस हवाय, असं काहीतरी कळवा. मदतीला बोलावलंत तर पहिल्या गाडीने येतील. विश्रांतीला बोलावलंत तर येणार नाहीत.