चष्म्याच्या दुकानापर्यंत

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात. रडगाणं गायचं नाही.
काल चिरंजीवांनी जाहीर केलं की ह्यांची गाडी, म्हणजे आमची राणी, विकायची. हे जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून ती जागची हललेली नाही आणि गॅरेज अडलंय. जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ तयार आहेत. मी म्हटलं, राणी ठणठणीत आहे. तो म्हणाला, मग आई, सोळा तारखेला धरणापर्यंत नेऊन परत आण. वाटेत एकदाही बंद पडली नाही तर पुन्हा विषय काढणार नाही. पडली तर ते गृहस्थ नेतील. मी म्हटलं, कबूल. सूनबाई म्हणाली, आई, जरा विचार करून बोला.
विचार करूनच बोलले. तेरा दिवस आहेत. गाडीत असतं काय? पेट्रोल, हवा आणि ठिणगी.

४ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी मेकॅनिकने नवी बॅटरी बसवली, ताजं पेट्रोल भरलं. पहिल्या हाकेला सुरू!
मग साफसफाई. पुढच्या खणात, पिवळ्या फडक्याखाली, कागदात गुंडाळलेली माझी काळी हेअरपिन! हे कधी गोड बोलायचे नाहीत. लग्नाच्या वाढदिवशीसुद्धा "जेवलीस का?" एवढंच. आणि पिन मात्र इतकी वर्षं जपून ठेवली. वीस मिनिटं गाडीत बसून रडले. (नियम उद्यापासून.) पिन केसांत लावली. आता काढायची नाही.
खणात ह्यांची गाडीची वहीही होती. उघडली नाही. अक्षर बघवत नाही. शिवाय राणीबद्दल मला वाचायची काय गरज? एकतीस वर्षं शेजारच्या सीटवर बसले आहे.

दुपारी ३
पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला बारीकसं भोक सापडलं. धूळ जात असणार आत! शाळेत सिस्टर म्हणायच्या, भोक दिसलं की त्याच दिवशी बुजवायचं, मोज्याचं असो की स्वभावाचं. मेणबत्तीचं मेण भरलं, वर लाल नेलपॉलिशचे दोन हात. ह्यांच्या नजरेतून सुटलं कसं, कोण जाणे.

६ फेब्रुवारी, गुरुवार
पहिली फेरी. झोकात निघाले. दहा मिनिटांनी चष्म्याच्या दुकानासमोर बंद. पेट्रोल आहे ना, म्हणून झाकण उघडून लाकडी पट्टी बुडवली. झाकण उघडताना राणीने केवढा सुस्कारा सोडला! ह्यांची आठवण येत असेल तिला. पेट्रोल भरपूर होतं. तिला थोपटलं, दोन शब्द बोलले, आणि लगेच सुरू झाली.
निदान: एकटेपणा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
पुन्हा चष्म्याचं दुकान. पट्टी, सुस्कारा, सुरू.
निदान सुधारलं: इंजिनाच्या उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ होते. गाडीबरोबर आलेल्या कंपनीच्या पुस्तकात दिलंय. उद्या पंपावर ओला टॉवेल.

८ फेब्रुवारी, शनिवार
टॉवेल बांधला. चष्म्याचं दुकान. चष्मेवाल्यांनी बसायला खुर्ची दिली. भला माणूस. झाकण उघडून पाहिलं, मग टॉवेल पुन्हा भिजवला, लगेच सुरू. टॉवेलचा गुण आहे यात शंका नाही. फक्त मोठा हवा.

९ फेब्रुवारी, रविवार
सूनबाईचा अंगाचा टॉवेल. चष्म्याचं दुकान. घरी शांतता.

११ फेब्रुवारी, मंगळवार
मेकॅनिकला बोलावलं. मदतीला नाही, माझं निदान ऐकवायला. तो म्हणाला, काकू, टाकीचं झाकण जरा... मी म्हटलं, झाकण उत्तम आहे, मी स्वतः दुरुस्त केलंय, तू कार्ब्युरेटर खोल. तो पुन्हा म्हणाला, काकू, झाकण... मी म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून मी या गाडीत बसते आहे. त्याने मुकाट्याने कार्ब्युरेटर खोलला, फिल्टर बदलला. कार्ब्युरेटर आरशासारखा लखलखीत निघाला. म्हणजे दोष खोलवरचा आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
नवीन फिल्टर. चष्म्याचं दुकान. चष्मेवाल्यांनी डोळे तपासून देऊ का विचारलं, आलाच आहात म्हणून. नंबर वाढलाय.
चिरंजीव म्हणाला, म्हातारीला आता विश्रांती दे. गाडीबद्दलच म्हणाला असावा.

१५ फेब्रुवारी, शनिवार
आज फेरी नाही. राणीला आराम. उद्या ती मला तोंडघशी पाडणार नाही. केसांतली पिन चाचपली की धीर येतो.

१६ फेब्रुवारी, रविवार, सकाळी १०
चष्म्याचं दुकान.

संध्याकाळी ५
नीट लिहून ठेवते.
चिरंजीव आणि ते गृहस्थ मागच्या गाडीत होते. मी उतरले, किल्ली गृहस्थांच्या हातात दिली. चष्मेवाल्यांनी खुर्ची आणली. गृहस्थांनी विचारलं, गाडीच्या दुरुस्त्यांची काही वही आहे का? मी म्हटलं, खणात आहे, मला ह्यांचं अक्षर बघवत नाही. चिरंजीवाने बॉनेटला टेकून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.
"गाडी बंद. टाकीच्या झाकणाच्या भोकात मेण. पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला हवी, नाहीतर टाकी पेट्रोल सोडत नाही. बहुधा तिनेच बुजवलं. हौसेने केलं असणार, बोललो नाही. तिच्याच पिनेने मोकळं केलं."
पुढच्या वर्षी: "पुन्हा मेण." त्यानंतर: "या खेपेस साबण. पिन कायम खणात ठेवावी." असं सात वेळा. सातव्यांदा तारखेपुढे फक्त "ती" एवढंच होतं.
मला तर एकदाही आठवत नाही.
चिरंजीव वाचता वाचता थांबला आणि चष्म्याच्या दुकानाकडे तोंड करून उभा राहिला. गृहस्थांनी झाकणावरचं लाल नेलपॉलिश नखाने खरवडलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ताई, ती पिन मिळेल का?
केसांतून काढून दिली.
राणी धरणापर्यंत गेली आणि परत आली. एक उचकीसुद्धा नाही. गृहस्थ उतरताना म्हणाले, ही गाडी स्वतःहून कधी बंद पडलीच नव्हती, तेव्हा मला नेता येणार नाही. चिरंजीवाने विषय काढला नाही. फक्त एक अट घातली: झाकणाला मी हात लावायचा नाही.
माझं पहिल्या दिवसाचं म्हणणं खरंच ठरलं. पेट्रोल, हवा आणि ठिणगी. त्यातली हवा.

रात्री ८
पिन परत कागदात गुंडाळून खणात ठेवली. ती त्यांनी गाडीसाठीच ठेवली होती.
जेवले.